ह्यांच्यासाठी कमी तेलातलं चिकन

ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं, पण आमच्या घरचं रविवारचं चिकन बंद झालं नाही. फक्त रीत बदलली.

दुकानात आधीच सांगते, "कातडी काढून द्या, छातीचाच भाग हवा." कोंबडीची बरीचशी चरबी कातडीत आणि तिच्या खालीच असते. कातडी काढलेल्या छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात जेमतेम २-३ ग्रॅम चरबी. कातडीसकट घेतलं तर साधारण तिप्पट. मांडी चवीला सरस, पण चरबी जास्त. मांस फिकट गुलाबी हवं, बोटाने दाबलं की परत वर येणारं. चिकट लागलं तर घेऊ नका. कडेला राहिलेले पिवळे गोळे मी घरी सुरीने काढते.

छातीचा भाग चिवट होतो, ही सगळ्यांची तक्रार. चूक शिजवण्यात असते. अर्ध्या किलोला पाव वाटी साय काढलेल्या दुधाचं दही, आलं-लसूण, हळद, मीठ लावून दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर, पाण्याचा हबका मारत कांदा परता. मग फोडी घाला, झाकणावर पाणी ठेवा. मंद आचेवर १५-२० मिनिटं पुरतात. सगळ्यात जाड फोड मोडून बघा, आत गुलाबी राहता कामा नये.

खरी मेख वाटणात. सुकं खोबरं मी बंदच केलं. भाजलेला कांदा, कोथिंबीर आणि दाटपणाला दोन चमचे डाळं घालते. रस्सा आदल्या रात्री केला तर फ्रीजमध्ये वर तवंग थिजतो, तो चमच्याने काढून टाकते. खोबऱ्याशिवाय रस्सा कसला, म्हणणारे हे आता त्यातच भाकरी कुस्करतात.