टॅक्रोलिमसची लेव्हल: आधी रक्त, मग गोळी

किडनी ट्रान्सप्लांटनंतर "गोळ्या वेळेवर घ्या" हे सगळेच सांगतात. त्यातली एक टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. तिची कुठली वेळ धरायची, ते कुणी सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे.

डबा, गजर, फ्रिजवर चिकटवलेला कागद, हे तुम्ही केलंच असेल. कॅप्सूल मात्र पाकिटातून आयत्या वेळीच काढा, दमट हवेत ती खराब होते.

वेळ ठरवताना मी चुकलो. लवकर उठायची सवय, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहा-सहा धरली. लॅब उघडायची आठला, नंबर लागायचा साडेआठला. टॅक्रोलिमसची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, पुढच्या डोसच्या अगदी आधी, म्हणजे आधीच्या डोसनंतर बारा तासांनी मोजतात. माझं रक्त साडेचौदा तासांनी जायचं, आकडा खाली यायचा आणि डोस वाढवायची भाषा सुरू व्हायची. पुढच्या खेपेला मी उलटं केलं: हात आपोआप डब्याकडे गेला, सहाला गोळी घेतली आणि मग रक्त दिलं. आकडा एवढा चढला की डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं, "सकाळी गोळी घेतलीत का?" लाज वाटली, पण खरं सांगितलं. गप्प बसलो असतो तर डोस कमी झाला असता, आणि कमी डोस म्हणजे रिजेक्शनला, शरीराने किडनी नाकारण्याला, आमंत्रण.

म्हणून माझं ठाम मत: डॉक्टरांना विचारून नऊ-नऊ धरा. तपासणीच्या आदल्या रात्रीचा डोस ठीक नऊला. अकराला घेतलात तर सकाळी दहाच तास होतात आणि आकडा फुगतो. सकाळची टॅक्रोलिमस खिशात घेऊन जा, रक्त देऊन झालं की तिथेच पाण्याबरोबर घ्या. बाकीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. रक्त काढताना शेवटच्या डोसची वेळ फॉर्मवर लिहायला लावा, काउंटरवरच्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी. लॅब शक्यतो एकच ठेवा. मोजायची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. (दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल असेल तर हिशेब चोवीस तासांचा.)

गोळी जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. जमत नसेल तर निदान रोज एकसारखं करा.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा. उलटी झाली तरी तेच. जुलाब लागले तरीही कळवा. तेव्हा लेव्हल उतरते असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात ती बरेचदा चढते.

गणपतीत पपनस समोर येतं. प्रसाद म्हणूनही एक फोड नको, त्याने औषधाची लेव्हल वाढते. गुळवेल "प्रतिकारशक्ती वाढवते" म्हणून देणाऱ्या मावशीला हात जोडा. आपण तीच शक्ती दाबायला औषध घेतोय. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांना हात लावू नका, किडनीवरच बेतेल. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरसमोर बसलात की पहिलं वाक्य "माझं ट्रान्सप्लांट झालंय." क्लॅरिथ्रोमायसिनसारखं साधं अँटिबायोटिकसुद्धा लेव्हल वर नेतं, टीबीचं रिफॅम्पिसिन ती पार खाली आणतं.

आणि केमिस्ट "औषध तेच, कंपनी फक्त वेगळी" म्हणाला, तर पाकीट त्याच्याकडे परत सरकवा आणि डॉक्टरांना फोन लावा. ब्रँड बदलायचाच असेल तर डॉक्टरच बदलतील, आणि पाठोपाठ लेव्हलही करायला सांगतील.