शिट्टी गळ्यात पडली, आता पुढे?

कबड्डीची मार्गदर्शक व्हायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्या मुली हल्ली बऱ्याच भेटतात. पहिलं उत्तर कोरडं आहे: पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'एनआयएस'चा कोर्स करा. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, वर्षभराचा डिप्लोमाही आहे. जमलं तर डिप्लोमाच करा.

मी सहा आठवड्यांचा केला. तुकडीतल्या पुरुषांना तो कागद अर्जाला जोडायला हवा होता. खेळ काय, येतोच, असा सूर. आम्हा बायकांना मात्र खेळ येतो हेच आधी पटवून द्यायचं होतं. मी बारा वर्षं बचावातला डावा कोपरा सांभाळलेला, तरी मैदानावर पालक मलाच विचारायचे, "सर कधी येणार?" प्रमाणपत्र भिंतीवर लावल्यावर हा प्रश्न निम्मा झाला. निम्माच.

खरी गंमत नियमांची. माझ्याबरोबर एक सर मुलींना शिकवायचे. माणूस सरळ. घोट्याची पकड शिकवताना एकीचा गुडघा वाकेना, म्हणून त्यांनी तो हाताने दाबून तिला खाली बसवलं. पोरगी आक्रसली. पुढच्या तिन्ही पकडी सुटल्या. संध्याकाळी मी म्हटलं, "सर, आधी विचारत जा, नाहीतर करून दाखवायला मला हाक मारा." ते तडकले, "म्हणजे मॅडम, आता हात लावायचीही चोरी?"

त्यांच्या लेखी आचारसंहिता (मार्गदर्शकाने खेळाडूंशी कसं वागायचं याचे नियम) म्हणजे त्यांच्यावरचा संशय, माझ्या लेखी मुलीला 'नको' म्हणायची सोय. वाद अजून मिटलेला नाही. पण सर आता खडूने जमिनीवर पावलांच्या खुणा काढतात आणि गुडघा कुठवर यायला हवा ते मुलींनाच बघायला लावतात. माझ्यापेक्षा भारी युक्ती, कबूल.

वजनाच्या बाबतीत मात्र बाई-पुरुष अशी सरळ वाटणी करू नका. स्पर्धेआधी वजनाची मर्यादा तपासतात, त्या वजनकाट्याच्या आदल्या रात्री पोरींना उपाशी ठेवून पळवायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं, यात बायकाही होत्या. पहिल्या वर्षी मीही होते. एक मुलगी सामन्याआधीच चक्कर येऊन बसली, तेव्हापासून एक वही ठेवते: दर सोमवारचं वजन, दुखापत, पाळीची तारीख (मुलीने सांगितली तरच). सरांना ही वही फाजील वाटते.

मुलांचा संघ बाईच्या हाती सहसा देत नाहीत. नेमबाजीत स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे होत्या, हे मी मुलाखतीत सांगून पाहिलं. "नेमबाजी वेगळी, मॅडम," असं उत्तर आलं. अर्जात मुलगे-मुली दोन्हींवर खूण मी दोनदा केली, दोन्ही वेळा मुलींचाच संघ मिळाला. यंदा तिसऱ्यांदा करणार आहे.