डीपीवर (विकास आराखड्यावर) हरकत टाकायचीये? आधी आईला घेऊन बस स्टॉपपर्यंत चालून या

आमच्याकडे सुधारित विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न, आपल्या जागेवर आरक्षण पडलंय का, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीये का. नाही म्हटल्यावर सगळे परत गुड मॉर्निंगला लागले. मी मात्र हरकत टाकली, "ज्येष्ठ नागरिकांसाठी पुरेशा सोयी कराव्यात", बस एवढीच ओळ, आणि सुनावणीत ती अर्ध्या मिनिटात निकालात निघाली कारण कुठे, किती, कोणत्या जागेवर यातलं त्यात काहीच नव्हतं. चूक माझीच. पुढे नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली (मंजूर आराखड्यातल्या बदलाचं कलम) आमच्या भागातल्या एका आरक्षणात फेरबदलाची नोटीस निघाली तेव्हा जरा नीट केलं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे तारीख. हा कायदा १९६६ चा, त्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात, मुंबईला ६०. नोटीस निघाल्यापासून दिवस मोजायचे, ग्रुपवर फॉरवर्ड आल्यापासून नाही, तोवर दहाबारा गेलेले असतात.

मग नकाशा आणायच्या आधी चालायचं. आमचा स्टॉप मोबाइलवर ३५० मीटर दाखवतो, मला पाच मिनिटं लागतात, आईला (वय ७८) घेऊन गेलो तर चौदा लागली, त्यात एकदा मेडिकलच्या पायरीवर बसणं आलं आणि दुभाजक उंच म्हणून पार सिग्नलपर्यंत जाऊन परत मागे येणं आलं. हे सगळं तिथल्या तिथे लिहून घ्या, कुठे बसली, कुठे भिंत धरली, कुठे फूटपाथ संपला. घरी येऊन लिहिलं की सगळं गुळगुळीत होतं.

आता भाग नकाशाची (आराखड्यातला आपल्या भागापुरता नकाशा) प्रिंट काढा आणि घर, स्टॉप, दवाखाना, विरंगुळा केंद्राचं आरक्षण हे सगळं स्केचपेनने त्या एकाच कागदावर जोडा. आमच्या इथे खरा घोळ तेव्हा कळला. आरक्षण नकाशावर घरापासून २०० मीटरवर, पण मध्ये नाला आणि पूल नाही, म्हणजे पायी पावणेदोन किलोमीटर! टेबलावर बसून नकाशा रंगवणाऱ्याला ते दिसणार कसं, आणि खरं सांगायचं तर रोज तिथूनच जाणाऱ्या मलाही दिसलं नव्हतं.

कोणती मागणी कुठे करायची हे मात्र नीट समजून घ्या, यात लोक फार गोंधळतात. आराखडा ठरवतो जमीन, म्हणजे रस्त्याची रुंदी, डेपो, टर्मिनल, आरक्षणं. बसचा रूट आणि फेऱ्या परिवहनवाल्यांकडे. बाकडी, दुभाजकातली वाट, फूटपाथचा उतार (१२ फूट लांबीला १ फूट चढ, त्यापेक्षा तीव्र नको, व्हीलचेअर चढत नाही) हे वॉर्ड ऑफिसकडे. पुण्यात तर २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं बजेटमध्ये घेतात, ते अर्ज वेगळे असतात. एसटीत २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या पुढे प्रवास फुकट आहे, चांगलंच आहे, पण स्टॉपपर्यंत पोचता आलं तर ना.

घरांचं म्हणाल तर ज्येष्ठांसाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना महारेराची (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, लिफ्ट हवीच, दरवाजे ९०० मिमीपेक्षा रुंद, पायऱ्यांऐवजी रॅम्प वगैरे. तुमच्या साध्या सोसायटीला ती लागू नाहीत. पण रिडेव्हलपमेंट असेल तर तीच मापं बिल्डरच्या टेंडरमध्ये घालून घ्या, नंतर बाथरूमचा दरवाजा फोडून रुंद करण्यापेक्षा बरं.

अर्ज लिहिताना एका अर्जात एकच विषय. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, आत्ता काय आहे, काय बदल हवा, आणि जोडीला तो रंगवलेला नकाशा. "केंद्र तळमजल्यावर आणि बस स्टॉपपासून ३०० मीटरच्या आत हवं" असं लिहा, "सोयीस्कर ठिकाणी" लिहू नका, ते कुणाला सोयीस्कर हे तिसराच माणूस ठरवतो. जागामालक समावेशक आरक्षणाखाली (आरक्षणाचा ठरलेला भाग पालिकेला बांधून द्यायचा, बाकी जागा स्वतः वापरायची) बांधून देणार असेल तर पालिकेला मिळणारा भाग मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर जाणार नाही हेही लिहूनच मागा. शेवटी "सुनावणीस हजर राहायचे आहे" ही ओळ आणि आवक नंबराची पोच, या दोन गोष्टी विसरलात तर बाकी मेहनत पाण्यात.

आराखड्याच्या सुनावणीला नियोजन समिती असते, स्थायी समितीचे तीन जण आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. मिनिट दोन मिनिटं मिळतात. सुरुवात आकड्याने करा, नकाशा पुढे सरकवा, भाषण नको. ज्येष्ठ नागरिक संघाच्या दोघांना बरोबर न्या, पण आधी फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा. आमची सुनावणी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, काका वर पोचेपर्यंत आमचा नंबर पुकारून झाला होता, हातापाया पडून परत घ्यायला लावला.

सरकारने मंजुरी देताना मोठे बदल केले तर तेवढ्या भागावर परत हरकती मागवतात, त्याला ईपी (एक्सक्लूडेड पार्ट, म्हणजे मंजुरीतून वगळलेला भाग) म्हणतात, तेव्हा जुनी पोच शोधत बसायला लागू नये म्हणून फाइल ठेवा. आमचं सांगायचं तर दुभाजकातली वाट आणि दोन बाकडी वॉर्डकडून आली, आईची चौदा मिनिटं आता नऊवर आलीत. पुलाची फाइल वर गेलीये, पोच माझ्या कपाटात आहे.