विहिरीतलं नायट्रेट आणि बंधित निधी

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. पाणीपुरवठ्याच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या, वर निघालं. (उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. हे घरोघरी पटवण्यातच दम निघाला.) ‘पाणी शुद्धीकरण’ एवढ्या मोघम नावाचा प्रस्ताव दोनदा परत आला होता.

मग मी प्रस्तावच वेगवेगळ्या कामांत फोडला. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडे आणि उघडी गटारं. काळ्या पाषाणाच्या भेगांतून त्यांतलंच नायट्रेटचं पाणी आत झिरपायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा, होता: त्यातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पुनर्वापराला. गटाराचं काम पहिल्यात, छतावरच्या पाण्यानं पुनर्भरण दुसऱ्यात टाकलं. घरोघरचे शोषखड्डे रोहयोतून, तेही विहिरीपासून लांब. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल आणि ग्रामसभेचा ठराव जोडून सगळं ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेतलं. आराखड्यात नाव नसेल तर खर्च करताच येत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

उकिरडे हलवायला मात्र कुठलाच निधी लागला नाही. भांडणं तेवढी लागली. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीत आकडा मर्यादेत आला. आता तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करतो.