गच्चीवर सोलर बसवताना
2025 मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅसबाहेरचा झाला. त्यात आमची कोल्हापुरातली गच्चीपण आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

आधी वर्षभराची बिलं काढून महिन्याला किती युनिट लागतात ते बघा. 1 किलोवॅट पॅनेलमागं महिन्याला साधारण 120 युनिट वीज तयार होते असं धरा. 3 किलोवॅटला केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. शेजारच्या नारळाची सावली मात्र डिसेंबरात बघा, तेव्हा ती लांबते.

गळीत हंगामात काचेवर कारखान्याची काळी राख बसते, बोट फिरवलं की रेघ उठते. ती पहाटेच, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसायची. तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात ओतू नका, तडा जाईल.

आणि हो, पंखे आधी बदला: जुना 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसेक.