मार्केट सुधारतंय म्हणतात, मग कॉल का येत नाही? आयटीवाल्यांनो, या चुका टाळा

बातम्यांत मंदी संपली आणि इकडे रोज अप्लाय करून साधा रिजेक्शनचा मेलपण येत नाही, मग माणूस स्वतःलाच दोष द्यायला लागतो. पण भरती नेहमी मागून येते. अमेरिकेत २००८ ची मंदी अधिकृतपणे जून २००९ मध्ये संपली, आणि बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली ती त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. कारण काम वाढलं की कंपनी आधी आहे त्याच टीमला पिळते, मग कॉन्ट्रॅक्टवर माणसं घेते, आणि काम टिकतंय अशी खात्री पटली की मगच पर्मनंट जागा काढते.

म्हणून कॉन्ट्रॅक्टचा कॉल आला की "मला पर्मनंटच पाहिजे" म्हणून फोन ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी तेवढंच दार उघडं असतं. पण डोळे झाकून हो पण म्हणू नका हां, मुदत किती, आधीच्यांपैकी कुणाला पर्मनंट केलंय का, क्लायंटचे पैसे अडकले तरी पगार वेळेवर होणार का, मध्येच काम थांबलं तर नोटीस किती, हे सगळं विचारा आणि पगार-नोटीसचं तर लेखीच घ्या. "सहा महिन्यांनी करू ना कन्व्हर्ट" याला काही अर्थ नसतो.

दुसरं म्हणजे जाहिरात दिसली की जागा आहेच असं धरून चालणं. काही जाहिराती नुसते रिझ्युमे गोळा करायला असतात. तिसरा राउंड झाला, मॅनेजर खूश, आणि मग एचआर गायब, असं झालं असेल तर दरवेळी तुम्हीच कमी पडलात असं नसतं, कधी बजेटची मंजुरीच वर अडकलेली असते. पहिल्याच कॉलला विचारून टाका: कुणी सोडून गेल्याची जागा आहे की नवीन, आणि अप्रूव्हल आलंय का? उत्तर गोलगोल आलं तर त्या एका जागेसाठी बाकीचं थांबवू नका.

रिझ्युमे २०२१ चाच फिरवताय? तेव्हा टूल्सची यादी बघूनच कॉल यायचे. मग २०२२ च्या शेवटी मेटाने ११,००० आणि २०२३ च्या सुरुवातीला गूगलने १२,००० लोकांना काढायचं जाहीर केलं, बाकीच्यांचं वेगळंच, म्हणजे एकाच जागेसाठी भरपूर अनुभवी माणसं रांगेत. सावरणारी कंपनी आधी पैसे घालते ते खर्च वाचवण्यात, सिक्युरिटीत आणि मंदीत रखडलेल्या अपग्रेडमध्ये. तेव्हा "क्लाउडवर काम केलं" याच्यापेक्षा "न वापरलेले सर्व्हर शोधून महिन्याचं बिल कमी केलं" हे लिहा, आकडा खरा असेल तर तोही टाका. आणि "एआय टूल्सची माहिती" ही ओळ सगळ्यांचीच असते, त्याने तुम्ही काय बनवलं ते सांगा नाहीतर काढून टाका.

पगाराचं थोडक्यात: बूममधली हाइक मागू नका, आणि घाबरून पहिलाच आकडा मान्यही करू नका.

ऑफर हातात येऊन जॉइनिंग डेट पुढे ढकलली तर? नवीन तारीख मेलवर मागा आणि इंटरव्ह्यू चालू ठेवा. जुनी कंपनी अजून सोडली नसेल तर लगेच मॅनेजरशी बोलून शेवटचा दिवस पुढे सरकतो का बघा, बऱ्याचदा सरकतो, कारण तुमच्या जागेवर त्यांनाही अजून माणूस मिळालेला नसतो.