गाडी बिघडली नाही, तिला घाम आलाय: कोकणात छोटी गाडी वापरताना या चुका टाळा

मे महिन्यात सासुरवाडीहून निघताना पुढच्या सीटवर एक कापा फणस ठेवला आणि गाडी शृंगारतळी येईपर्यंत टिंग टिंग करत राहिली. मी दारं तपासली, डिकी तपासली, शेवटी बोनेटही उघडून बघितलं. मागे बसलेली बायको शांतपणे म्हणाली, "अहो, फणसाला बेल्ट लावा." लावला. आवाज बंद.

डावीकडच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. आठ-दहा किलोचा फणस आणि एखादं पोर यांत त्याला फरक कळत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये पुढच्या दोन्ही सीटसाठी हा बझर सक्तीचा आहे. वेगाचा बझरही त्याच दिवसापासूनचा. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेलं की अधूनमधून एकदा वाजतो, १२० च्या पुढे थांबायचं नाव घेत नाही. चौपदरी झालेल्या महामार्गावर "गाडी मध्येच वाजते" म्हणून गॅरेजला येणारे बहुतेक जण या ८० चेच बळी असतात.

यावर उपाय म्हणून बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप खोचून ठेवायची चूक मात्र करू नका. अशा क्लिप विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्या काढून टाकायला लावल्या होत्या. फणस मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. बरका असेल तर खाली गोणपाट घाला, नाहीतर पुढचे आठ दिवस गाडीला त्याचाच वास.

गाडीखालचं पाणी

आपल्याकडच्या हवेत ओलावाच इतका, की एसी लावून अर्धा तास गाडी चालवली तर थांबल्यावर खाली वाटीभर पाणी सहज गळतं. नवा मालक घाबरतो, रेडिएटर फुटला म्हणतो. तसं काही नसतं. थंड कॉइलवर जमलेलं हवेतलं पाणी नळीवाटे बाहेर पडतं, एवढंच. खात्री करायची असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर एसीचं. हिरवट किंवा गुलाबी आणि बोटाला चिकट लागलं तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. काळं, तेलकट असेल तर ऑइल. शेवटच्या दोन्हींसाठी गॅरेज गाठा.

काळजी करायची ती खरं तर उलट्या वेळी: एसी चालू आहे आणि खाली थेंबही नाही. मग ते पाणी आत साठतंय. आमच्या गाडीत डाव्या बाजूचं मॅट भिजलेलं निघालं. मुलाने बाटली सांडली असं समजून त्याला ओरडून झालं, आणि मेकॅनिकने नळीत तार घातली तर आतून मातीचा गोळा निघाला. कुंभारणीने, म्हणजे त्या मातीची घरं करणाऱ्या माशीने, तिथे बिऱ्हाड थाटलं होतं. तेव्हापासून मे महिन्यात एकदा नळीचं तोंड बघतो.

काच बाहेरून धुरकटते की आतून?

पावसाळ्यात हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. काचेवर वाफ धरली की हात एसीच्या बटणाकडे जातो आणि गार हवा काचेवर सोडली जाते. पण आधी वायपर एकदा फिरवा. वाफ पुसली गेली तर ती बाहेरून आहे: काच आतून गार पडली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमली. अशा वेळी तापमान वाढवा आणि हवा काचेकडून पायाकडे वळवा. वायपरने काही फरक पडला नाही तर वाफ आतली. तेव्हा एसी चालू, हवा काचेवर, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. ओले रेनकोट घातलेली चार माणसं आत बसली असताना तीच हवा फिरवत राहिलात तर काच घाटातल्या धुक्यासारखी होणार.

घाटात न्यूट्रल

माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक हीच, आणि ती करणारे स्वतःला फार हुशार समजतात. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकायची, म्हणे पेट्रोल वाचतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत काही वाचत असेल, आताच्या इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडं थोडं पेट्रोल लागतंच. वर सगळा भार ब्रेकवर. ते तापले की जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. इंजिनच बंद करून उतरणारे महाभागही मी पाहिलेत. ब्रेकला जोर इंजिनच्या व्हॅक्यूममधून मिळतो. इंजिन बंद असताना एक-दोनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं घट्ट होतं.

ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल तर मॅन्युअलवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरा. एएमटीवाल्यांची आणखी एक सवय असते: चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलं की ब्रेकऐवजी हलका अॅक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरायची. आतमध्ये साधा क्लचच आहे, फक्त तो दाबणारा पाय तुमचा नाही. तो घासत राहतो आणि बिल मात्र तुमचं. चढावर हँडब्रेक ओढा.

पण हँडब्रेक लावून आठवडाभर ठेवू नका

जुलैत आठ दिवस गाडी उभी होती, हँडब्रेक कचकचून ओढलेला. नवव्या दिवशी पहिला गिअर टाकला, तर पुढचा भाग वर उचलला गेला आणि मागची चाकं जागची हलेनात. ड्रमच्या आत ब्रेक शू गंजून चिकटले होते. अशा वेळी जोरात रेस देऊ नका. हळूच पुढे, हळूच मागे करा. "कट्" असा आवाज येऊन सुटतं. नाहीच सुटलं तर मेकॅनिक बोलवा. आता जास्त दिवस ठेवायची असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला जांभ्याचा चिरा लावतो. (निघताना तो काढायला विसरतो, ते वेगळं.) एएमटीत "पी" नसतो, म्हणून ब्रेक दाबून, गिअर टाकूनच इंजिन बंद करायचं. जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर मात्र गिअर आणि हँडब्रेक दोन्ही हवेत. दाभोळहून धोपाव्याला जायचा वेळ काही ब्रेक गंजण्याइतका नसतो.

पावसाळी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारी खरखर म्हणजे पुढच्या डिस्कवरचा रात्रीतला गंज. तो आपोआप घासून जातो. बाजारात पोचलात तरी आवाज येतच असेल तर ब्रेक पॅड बघा.

सकाळी मीटरवर निळा दिवा दिसला तर इंजिन अजून गार आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोनेक किलोमीटरमध्ये जातो. लाल झाला तर तिथेच थांबा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

खारं वारं, मचूळ पाणी

किनाऱ्यावर गाडी नेली की घरी येऊन धुवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण धुतो कशाने? समुद्राजवळच्या किती विहिरी मे महिन्यात मचूळ होतात! त्याच पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. गोडं पाणी थोडंच असेल तर वरचं छत राहू द्या, खालून आणि चाकांच्या कमानींत मारा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. जोडताना क्रम उलटा.

गंज नको म्हणून मी एका ठिकाणी खालून काळं कोटिंग मारून घेतलं होतं. त्यांनी दारांच्या तळाशी असलेली बारीक भोकंही त्यात बुजवून टाकली. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पावसाचं पाणी त्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. ऑगस्टमध्ये दार लावलं की आतून कळशी हलवल्यासारखं खळखळ वाजायचं, आणि मी ते स्पीकर सैल झाल्याचं समजत होतो. शेवटी खराट्याचा एक हीर काढून दाराच्या खालच्या रबराशी टोचला. आधी सुरूची काडी निघाली, मग दोन मुंग्या, आणि मग तांब्याभर गढूळ पाणी माझ्या चपलेवर.